शियं पानी

माझी पहिली नोकरी म्हणजे दुसऱ्यांच्या दारात बसून ते पाण्याचं काय करतात हे वहीत लिहिणं. घरी कोणी विचारलं तर आई सांगायची, रिसर्चमध्ये आहे. एवढं ऐकून लोक पुढे विचारायचे नाहीत. मलाही ते बरं वाटायचं.

ऑफिस म्हणजे सुरतेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. समाजशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, एक टायपिंग करणाऱ्या बेन आणि मी. कारखान्यांना, कधी सरकारी खात्यांना असे प्रश्न पडत की यंत्र बसवलं पण लोक ते वापरत का नाहीत, किंवा सूचना लावली पण कोणी ऐकत का नाही. तेव्हा ते सरांकडे येत. सर म्हणायचे, इंजिनियर नळ मोजतो, आपण नळापाशी कोण उभं आहे ते बघायचं. त्यांचा एकच नियम होता. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. अर्थ नंतर लावायचा, आणि तोही घाईने नाही.

मला घेतलं ते मराठीमुळे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, मराठी येतं ना? मी हो म्हणाले. ते खरं होतं, म्हणजे घरी आम्ही मराठीच बोलायचो. वडील बँकेत, विदर्भातून बदली होऊन सुरतेला आलेले आणि मग इथेच राहिलेले. मी शिकले इंग्रजी शाळेत. मैत्रिणींशी गुजरातीत बोलायचे, शिक्षकांशी इंग्रजीत आणि बाकी बराच वेळ गप्प असायचे. माझं मराठी स्वयंपाकघरातलं होतं. भाजी चिर, दार लाव, ताट पूस. त्या मराठीत मला कधी काही अडलं नव्हतं, त्यामुळे ते किती लहान आहे हे कळायचा प्रसंगच आला नव्हता.

काम होतं उधन्याच्या बाजूच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलचं. प्लेगला दोन-तीन वर्षं झाली होती. शहर झाडून स्वच्छ झालं होतं आणि आता पाण्याची पाळी होती. मिलने बोअरचं पाणी कमी उपसावं आणि रंगाचं पाणी खाडीत कमी सोडावं, असं सरकारी पत्र आलं होतं. बचत कुठे कुठे करणार याचा आराखडा मिलला द्यायचा होता. मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांच्या चार ओळी होत्या. सगळे त्याला लाइन म्हणायचे. लाइनीला मिलच्याच बोअरचं पाणी यायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मॅनेजरना वाटत होतं की खरी नासाडी तिथे होते. संध्याकाळचा नळ बंद केला तर आराखड्यात एक ओळ भरता येणार होती. पण सरकारी अधिकाऱ्यांना दाखवायला अभ्यास हवा होता.

पहिल्याच दिवशी सरांनी मला खुर्चीत बसवून हे सांगितलं. म्हणाले, "संध्याकाळचा नळ राहतो की जातो, हे तुमच्या वहीवर ठरणार आहे. हे विसरू नका."

मी विसरले नाही. विसरण्याचा प्रश्नच नव्हता.

लाइनीत बहुतेक घरं खानदेशातली होती. माझं मराठी तिथे अर्धंच चालायचं. बायका आपसात अहिराणी बोलायच्या आणि माझ्याशी बोलताना हिंदी, गुजराती, मराठी असं जे हाताला लागेल ते. मी वही घेऊन ओट्यावर बसायचे. त्यांनी माझं नाव पाणीवाली ठेवलं. आधी त्यांना वाटलं होतं की मी नवा नळ मंजूर करायला आले आहे. नाही म्हटल्यावर नाव तसंच राहिलं आणि त्याला एक शेपूट लागलं. मी ओळीच्या तोंडाशी दिसले की कोणीतरी आतल्या बाईला ओरडून सांगायची, "पानीवाली उनी, पन पानी नही उनं." पाणीवाली आली, पण पाणी नाही आलं. रोज तेच, आणि रोज हसू. मीही हसायचे.

शेवटच्या ओळीत, नळाला लागून असलेल्या खोलीत एक मावशी राहायच्या. मला सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच बसू दिलं. चाळिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, बोलताना हातातलं काम न थांबवणाऱ्या. त्यांचे यजमान मिलमध्ये रंगखात्यात होते. रंग कालवायचा, बादल्या उचलायच्या, मशीनमध्ये ओतायच्या. मावशी मला विचारायच्या, तुझ्या आईला तू दिवसभर उन्हात बसलेली चालते का? मी म्हणायचे, चालते. त्या म्हणायच्या, माझी असती तर मला चालली नसती.

खाडी लाइनीच्या मागून जायची. खाडी म्हणजे काळ्या गाळात वाहणारी एक रुंद मोरी. तिचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असे. बायका दारातूनच सांगायच्या की आज मेहंदी चालू आहे, आज गाजरी, काल दिवसभर काळा होता. म्हणजे आत कोणत्या रंगाच्या साड्या चालल्या आहेत ते. बाजारात पुढच्या महिन्यात काय येणार हे त्यांना मॅनेजरच्या बायकोआधी कळायचं, असं एक जण म्हणाली. मी ते लिहून घेतलं. अहवालात ते कुठे बसेना, म्हणून नंतर काढून टाकलं.

संध्याकाळचा नळ साडेपाचला यायचा. मी निघायची वेळ तीच, पण काही दिवस थांबले आणि बघितलं. मावशींचे यजमान सुटून यायचे ते कोपरापर्यंत रंगलेले. मानेवर, कानामागे, पायाच्या बोटांत रंग. दारातल्या दगडावर बसायचे. मावशी तांब्याने पाणी घालायच्या आणि ते धुण्याच्या पावडरीने अंग घासायचे. पाठ मावशी घासायच्या. पहिले तीन-चार तांबे रंगीत जायचे, मग पाणी फिकं व्हायचं, मग साधं. ते साधं झालं की मावशी त्यांचे हात उलटे-सुलटे करून बघायच्या, जशी आई मुलाचे बघते. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली होती. रंग राहिला की रात्री खाज सुटायची, झोप लागायची नाही. हे मला मावशींनी सांगितलं. ते स्वतः माझ्याशी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नाहीत. मी वहीत लिहिलं, संध्याकाळचं पाणी, आंघोळ, एक माणूस. बाकीचं लिहिलं नाही. मला पाण्याबद्दल लिहायला सांगितलं होतं, कातडीबद्दल नाही, असं तेव्हा वाटलं असणार. आता नक्की आठवत नाही.

सकाळचा नळ मी पाहिला नाही. तो सहाला यायचा. वडिलांना मी इतक्या लवकर उधन्याला जाणं पसंत नव्हतं आणि मी आग्रह केला नाही. मी दहाला पोचायचे. तेव्हा पाणी भरून झालेलं असायचं, हंडे घासलेले असायचे आणि प्रत्येक दारासमोर जमिनीवर मोठा ओला डाग असायचा. उन्हात तो कडेने सुकत यायचा. मी वहीत त्या डागांचं चित्रही काढलं होतं.

सकाळी काय करता, असं मी मावशींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. न बघताच म्हणाल्या, "सकायमां शियं पानी टाकतस, मंग ताजं भरतस."

मी शब्द जसेच्या तसे उतरवले. सरांचा नियम होता. त्यातला शियं हा शब्द मला माहीत नव्हता. मावशींना पुन्हा विचारायला लाज वाटली. मराठी येतं म्हणून मला घेतलं होतं, आणि मराठी येतं असंच मी तिथे वावरत होते.

घरी येऊन वडिलांना विचारलं. सुरतेच्या आधी बँकेच्या नोकरीत ते तीन वर्षं खानदेशात, अमळनेरला होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "शियं म्हणजे शिळं. ते ळ चा य करतात."

मग सगळं स्वच्छ झालं. शिळं पाणी टाकतात, मग ताजं भरतात. यात न कळण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आमच्या घरी रोज हेच व्हायचं. सकाळी पाणी आलं की आई तांब्याची कळशी सिंकमध्ये उलटी करायची. कधी मला सांगायची, शिळं आहे, टाकून दे. मी टाकून द्यायचे. दारासमोरचे ओले डाग मी स्वतः पाहिले होते. अडलेल्या शब्दाचा अर्थ मी विचारला होता. टाकतस हा शब्द मला येत होता, म्हणून तो विचारला नाही.

अहवाल इंग्रजीत होता. इंग्रजीत मी बरं लिहायचे. त्या भाषेत माझा आवाज ठाम व्हायचा, तो माझाच आहे असं मला वाटायचं नाही, आणि त्यामुळे लिहिताना भीती नसायची. मी लिहिलं की या वस्तीतली कुटुंबं आदल्या दिवशीचं साठवलेलं पाणी अशुद्ध मानतात आणि रोज सकाळी फेकून देतात. एकूण वापरापैकी बराच भाग अशा रीतीने वाया जातो. वाक्य चांगलं जमलं होतं. शिळ्या अन्नाबद्दलच्या समजुतींवर एक परिच्छेदही जोडला.

सरांनी पेन्सिलने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "हे तुम्ही पाहिलं?"

मी मान हलवली. ओले डाग मी पाहिले होते. आईला पाहिलं होतं. मान कशासाठी हलवली हे सांगायला शब्द लागले असते.

अहवाल मिलमध्ये गेला. मॅनेजरनी फोन करून सरांचे आभार मानले. असं स्पष्ट लिहिणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं, असं ते म्हणाले. सरांनी ते मला सांगितलं आणि मी माझ्या टेबलापाशी जाऊन बसले. आठवड्याभरात लाइनीच्या भिंतीवर गुजराती आणि हिंदीत सूचना लागली की आता पाणी फक्त सकाळी येईल. ती मी पाहिली नाही. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होते, चलथाणच्या बाजूला.

महिन्याभराने सरांनी मला परत लाइनीत पाठवलं. बदल झाला की त्याचा परिणाम बघायचा, ही त्यांची पद्धत होती. म्हणाले, या वेळी सकाळी जा. मी घरी सांगितलं. वडिलांनी थोडी कुरकुर केली आणि पहाटे स्कूटरवर सोडलं.

पाणीवाली उनी, असं या वेळी कोणी ओरडलं नाही. बायका नळापाशी होत्या, रांग लांब होती. एकदाच येणारं पाणी म्हणून प्रत्येकीने जास्तीचे हंडे आणले होते. मावशींनी मला बघितलं, ओट्याकडे मान केली, म्हणजे बस. मी बसले.

त्यांचे यजमान दारातल्या दगडावर बसले होते, कामावर जायच्या आधी. कोपरापर्यंत हिरवे. कालचा रंग होता. आत खाटेवर उशी दिसत होती, तिच्या खोळीवर गालाच्या जागी हिरवट छाप होती, आणि तिच्याखाली एक जुनी, तांबडी. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा हात खाजवायला लागले.

मावशी घरात गेल्या. कालच्या हंड्यात तळाशी जे पाणी उरलं होतं ते त्यांनी उचललं आणि दाराआड ठेवलेल्या निळ्या ड्रममध्ये ओतलं. मग हंडा घासायला घेतला.

मी विचारलं, मावशी, हे काय केलं?

त्या म्हणाल्या, शियं पानी टाकं. शिळं पाणी टाकलं.

मी ड्रमकडे बघत राहिले. मग मी विचारलं की रोज असंच टाकतात का, म्हणजे यातच टाकतात का. माझा आवाज वेगळा लागला असेल, कारण त्यांनी हात थांबवला. त्यांना काम थांबवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"तुले काय वाटनं, आम्ही फेकतस?"



रांगेतल्या दोघी-तिघींकडे बघून त्या म्हणाल्या, "पानी फेकाले आम्ही काय शेठ शेतस का?"

त्या बायका हसल्या. पाणी फेकायला आम्ही काय शेठ आहोत का. माझ्यावर कोणी रागावलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. भिंतीवरची सूचना आणि माझी वही यांचा काही संबंध आहे हे लाइनीत कोणालाच माहीत नव्हतं.

मग मी दोन तास तिथे बसून बघितलं, जे मी तीन महिन्यांपूर्वी बघायला हवं होतं. पिण्याचं पाणी एक दिवसाचं. दुसऱ्या सकाळी ते शिळं, म्हणजे प्यायला नाही, पण ते ड्रममध्ये टाकायचं. ड्रममधून आंघोळ आणि कपडे. कपड्यांचं शेवटचं पाणी बादलीत, त्याने फरशी पुसायची. फरशी पुसून जे उरेल ते दारासमोर शिंपडायचं, सड्यासारखं, म्हणजे मिलमधून उडून येणारी बारीक धूळ खाली बसते. मी ज्या ओल्या डागांचं चित्र काढलं होतं ते पाणी चौथ्यांदा वापरलेलं होतं. त्यात वाया जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई रात्रीच्या स्वयंपाकाला लागली होती. कळशी सिंकच्या कडेला होती. मी आईला विचारलं की डाळीत पाणी टाक, असं आपण म्हणतो ना. ती म्हणाली, म्हणतो की. मी म्हटलं, आणि शिळं पाणी टाक म्हटलं तर? ती म्हणाली, तसं नाही म्हणत, टाकून दे म्हणतो. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

गुजरातीतही हे असंच आहे. नाखवुं म्हणजे टाकणं, आणि नाखी देवुं म्हणजे टाकून देणं. शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंही नसतं. टाक, दोन अक्षरांचा शब्द. लाइनीत तो पाणी ठेवण्यासाठी वापरत होते, आमच्या घरात फेकण्यासाठी. मी त्यांच्या तोंडचा शब्द घेतला आणि अर्थ आमच्या सिंकमधून आणला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांच्या टेबलासमोर उभी राहूनच सांगितलं. बसले असते तर कदाचित पूर्ण सांगून झालं नसतं. सरांनी जुनी वही मागवली, ते पान काढलं, वाक्य दोनदा वाचलं. शब्द बरोबर उतरवला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग म्हणाले की हे पत्राने होणार नाही, आपण जाऊन सांगू. आणि सांगायचं तुम्ही. मान तुम्ही हलवली होती.

मिलच्या ऑफिसात एसी होता. शेठ साठीचे, पांढरा सफारी, बोलायला मऊ. मॅनेजर बाजूला फाइल घेऊन. चहा आला. सरांनी दोन वाक्यांत प्रस्तावना केली आणि माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत बोलले. त्या भाषेत मला काही जाणवत नाही हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी तेच हवं होतं. मी सांगितलं की अहवालातलं ते वाक्य चुकीचं आहे, चूक माझी आहे, ती कशी झाली, आणि ते लोक पाण्याचं खरं काय करतात. एक पाणी चार वेळा कसं फिरतं ते पायरीपायरीने सांगितलं. शेवटी रंगखात्यातल्या माणसांच्या आंघोळीचंही सांगितलं, जे मी आधी कुठेच लिहिलं नव्हतं. इतकं सलग मी त्याआधी कोणासमोर बोलले नव्हते.

शेठनी लक्ष देऊन ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांना खरंच आवडलं होतं. मॅनेजरकडे वळून गुजरातीत म्हणाले की बघा, आपल्या इंजिनियरला हे सुचत नाही आणि या बायका घरात करतात. आमच्या आजीही असंच करायच्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बहु सरस काम किया आपने, बेन. तो फिर उनका एक टाइम के पानी में आराम से चल जाएगा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. सर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले की नाही, याचा अर्थ उलट आहे. ते आधीच कमीत कमीवर आहेत, त्यातून आणखी काढायला जागा नाही. शेठ मान हलवत होते. मॅनेजर म्हणाले की वाया घालवत असले काय आणि जपून वापरत असले काय, एका वेळेत भागतंय हे तर महिनाभर दिसलंच आहे. आंघोळीचं म्हणाल तर गेटपाशी नळ आहे, कोणाला मनाई आहे का?

गेटपाशी नळ होता. टाइम ऑफिसच्या खिडकीसमोर, साड्यांची घडी करायला येणाऱ्या बायकांच्या वाटेवर. तिथे कोणी माणूस शर्ट काढून पाठ घासून घेणार नव्हता, आणि पाठ घासायला तिथे मावशी नसणार होत्या. हे मी म्हणायला हवं होतं. माझी वाक्यं संपली होती. चहावर साय धरली होती, मी ती बघत बसले. सरांनी आणखी थोडा वेळ सांगून पाहिलं. मग शेठना कोणाचा तरी फोन आला.

लाइनीत मी आणखी एकदा गेले. कोणी पाठवलं नव्हतं. मावशींना मी सगळं सांगितलं, मराठीत, अडखळत. सूचना कशी लागली, त्यात माझं वाक्य कसं होतं, शब्द कुठे चुकला. त्या ऐकत होत्या आणि शेंगा सोलत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं की म्हणजे तू लिहिलंस की आम्ही पाणी फेकतो. मी म्हटलं, हो. आणि मग जाऊन सांगितलंस की नाही फेकत. मी म्हटलं, हो.

"मंग?"

"मग ते म्हणाले, नाही फेकत तर एका वेळच्या पाण्यात भागेल."

त्या थोडा वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग हसल्या. मोठं हसू नव्हतं. म्हणाल्या, म्हणजे तू काहीही लिहिलं असतंस तरी नळ गेलाच असता. मला त्या सोडवत होत्या की नुसतं सांगत होत्या, हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही. मी उठले तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी पाणी प्यायले. ताजं होतं.

निघताना मी ओळीतून चालत गेले. सकाळचे अकरा वाजत होते. काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते लगेच लक्षात येईना. शेवटच्या दारापाशी लक्षात आलं. जमीन कोरडी होती. एकाही दारासमोर ओला डाग नव्हता. मी परत फिरून मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, आठवडा झाला, आता सडा नाही. पुसायचं पाणीही नाही, ओल्या फडक्याने घेतो. ड्रमातलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरवायचं, यांच्या हातांना. पाठ राहते. पण हात होतात.

धूळ दारात उडत होती. गुलाबी, बारीक. उंबऱ्यावर आणि मावशींच्या पायांवर बसत होती.

पंधरा दिवसांनी मिलचं पत्र ऑफिसात आलं. मॅनेजरनी लाइनीत स्वतः फेरी मारली होती. पत्रात लिहिलं होतं की संध्याकाळचा पुरवठा बंद केल्यापासून खोल्यांसमोर पाणी ओतण्याचा प्रकार पूर्ण थांबला आहे, सर्व दारं कोरडी आढळली, आणि या उपयुक्त अभ्यासाबद्दल आपले आभार. आराखडा मंजूर झाला होता.

सरांनी पत्र वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, फाइलला लावा. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी पंच घेतला, कागदाची कड जुळवली, दोन भोकं पाडली आणि ते माझ्या अहवालाच्या वर लावलं.